झाकण कुणी उघडलं

माझं कामच मुळी संशय घेण्याचं आहे. विमा कंपनीसाठी मी नुकसानीची पाहणी करते. कुणाचं गोदाम जळतं, कुणाच्या दुकानात पाणी शिरतं, कुणाची गाडी म्हणे आपोआप उतारावरून घरंगळते, की टेप आणि कॅमेरा घेऊन मी तिथे हजर. लोक डोळे पुसत असतात आणि मी भिंतीवरचा काजळीचा डाग किती उंच गेलाय ते मोजत असते. त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव फारसं चांगलं नाही. "हिच्यासमोर केक ठेवला तर ही आधी तो खालून बघेल," असं माझा दादा सगळ्यांना सांगतो. बघते मी खालून. बरंच कळतं त्यातून.

अशाच एका गळक्या छपराची पाहणी करताना शिडीवरून पडले आणि घोटा मोडून घेतला. पायाला प्लास्टर, बगलेत कुबड्या, आणि एकटीच्या घरात तीन जिने. दादाने काही न विचारता मला उचलून आपल्या घरी आणलं आणि मागच्या खोलीत टाकलं. खिडकीपाशी पलंग, पलंगाला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि समोरच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीची एक फळी. त्या फळीवर माझा बिस्किटांचा डबा. गोल, पत्र्याचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. तो मी माझ्या घरून आणवला होता, कारण दुसऱ्याच्या घरात सारखं खायला मागणं मला जमत नाही.

त्या घरात एकच मूल, सहा वर्षांची माझी भाची. तिला सगळे खारू म्हणतात, कारण ती सदैव काहीतरी लपवत असते. तिची डावी बाजू जन्मापासून जरा मागे. पाय आता बऱ्यापैकी साथ देतो, हात देत नाही. त्याची मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत, आणि ती मूठ फ्रॉकच्या खिशात. फ्रॉकला खिसा नसेल तर खारू तो फ्रॉक घालायचीच नाही.

मेंदूचा निरोप हाताला पोचतो, पण उशिरा आणि अडखळत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हाताला रोज काम दिलं की वाट रुळते. म्हणून थेरपीच्या ताईंनी घरी करायचे व्यायाम दिले होते. रंगीत मऊ मातीचा गोळा दाबायचा, चिमटे दोरीला लावायचे, मोठे मणी ओवायचे, बाटलीची झाकणं फिरवायची. हे सगळं एका हिरव्या टोपलीत असायचं. संध्याकाळी टोपली बाहेर आली की खारू जेवणाच्या टेबलाखाली.

"चल गं माझी राणी, फक्त पाच मणी," वहिनी खाली वाकून म्हणायची.

"आज हात झोपलाय."

"उठव ना त्याला."

"झोपलेल्याला उठवू नये असं तूच म्हणतेस."

वहिनी पाळणाघर चालवते. झोपलेल्या मुलांबद्दल ती हे दिवसातून अनेकदा म्हणते. त्यामुळे ती मागे सरायची. मग दादा मैदानात उतरायचा. तो पोहायला शिकवतो. तलावाच्या काठावर उभं राहून, पाण्यात धडपडणाऱ्या मुलांना टाळ्या वाजवून आणि ओरडून पुढे ढकलणं हा त्याचा धंदा. "शाब्बास, अजून थोडं, आलं, आलं," करत तो खारूला बाहेर काढायचा आणि तिच्या समोर चिमटे मांडायचा. खारू एक चिमटा उजव्या हाताने उचलायची, टोपलीत टाकायची आणि म्हणायची, "झालं." आणि पुन्हा टेबलाखाली.

गोळ्या-चॉकलेटं देऊन झाली. भीती दाखवून झाली. "शेजारची मुलगी बघ" हेही झालं, त्यावर खारूने खरोखरच दारात जाऊन शेजारची मुलगी बघितली. वहिनी एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली, तेही मी पाहिलं. मला त्या तिघांचीही दया आली आणि रागही आला. इतकी साधी गोष्ट, आणि घर वेठीला धरलं जातंय.

साधी ती नव्हती. पुढच्या तपासणीपर्यंत डाव्या हातात काही फरक दिसला नाही तर ताई उजव्या हाताला प्लास्टर घालणार होत्या. चांगल्या हाताला. काही आठवडे तो बांधून ठेवला की डाव्याला काम करण्यावाचून गत्यंतर नाही, असा तो उपाय. पुष्कळ मुलांना त्याचा उपयोग होतो, असं ताई म्हणाल्या होत्या आणि त्या उगाच बोलणाऱ्या नव्हत्या. पण खारूने ते दाराआडून ऐकलं होतं. आणि उजवा हात म्हणजे खारूचं सगळं काही होता.

कारण ती चित्रं काढायची. दिसेल त्या कागदावर, आणि फक्त आतली. नळाच्या आत काय, घड्याळाच्या आत काय, मांजराच्या आत काय. माझ्या प्लास्टरवरही तिने माझ्या पायाचं आतलं चित्र काढलं होतं. दोन मोडकी हाडं आणि ती जोडायला बसलेली, टोप्या घातलेली माणसं. त्यातला एक जण काम सोडून डबा खात होता.

"हा का खातोय?" मी विचारलं.

"त्याची सुट्टी आहे. म्हणून तुझा पाय उशिरा बरा होणार."

मग जरा वेळाने, खडूने त्याची टोपी रंगवत, तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "प्लास्टरमधून बोटं हलतात का गं?"

"पायाची हलतात."

"हाताची?"

मी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "चित्र काढण्याइतकी नाही."

उजवा हात तिने पोटाशी घेतला. मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते, मला त्या ताईंचा, डॉक्टरांचा, त्या हिरव्या टोपलीचा आणि खारूच्या हट्टाचाही एकदम संताप आला, आणि करण्यासारखं काहीच माझ्या हाती नव्हतं.

मग बिस्किटं कमी व्हायला लागली.

माझ्या डब्यात किती ऐवज आहे हे मला साधारण माहीत असतं. सवयच आहे ती. दुपारी डुलकी काढून उठले की वरचा थर जरा खाली गेलेला. झाकण मात्र घट्ट बसलेलं, डबा जिथल्या तिथे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं.

संशयित तीन. दादा दुपारी तलावावर, वहिनी पाळणाघरात, तेही घराच्या पुढच्या खोलीत, दहाबारा पोरांच्या गराड्यात. उरली खारू. पण खारू एका हाताची, असं घरात सगळे धरून चालत. आणि ते झाकण एका हाताने निघत नव्हतं. मी करून पाहिलं. डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्याने झाकण ओढलं तर आख्खा डबा झाकणासकट हातात आला. छातीशी कोपराने दाबून धरला तर घसरला. शेवटी पलंगावर बसून गुडघ्यांत पकडला, तेव्हा निघालं. एकटीच खोलीत एका हाताने डब्याशी झोंबत होते, कुणी पाहिलं असतं तर डोक्यालाही मार बसला की काय, असं वाटलं असतं.

म्हणजे गुडघे ही एक शक्यता राहिली. ती तपासायला मी डब्याला बाहेरून अंगाची पावडर लावली, अगदी पातळ, डोळ्याला जाणवणार नाही इतपत. गुडघ्यांत धरला तर दोन्ही बाजूंची पावडर फराट्यासारखी पुसली जाणार. दुसऱ्या दिवशी डुलकीनंतर कुबड्या घेऊन फळीपाशी गेले आणि टॉर्च लावून पाहिलं.

फराटे नव्हते. डब्याच्या डाव्या अंगाला चार लहान बोटांचे ठसे होते. आणि त्यांच्यापासून वेगळा, डब्याच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याचा.

हा तोच अंगठा होता, जो मुठीच्या बाहेर यावा म्हणून त्या घरात रोज संध्याकाळी युद्ध चालायचं.

पुराव्यावर माझा विश्वास असतो, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी अहवाल देत नाही. पुढच्या दुपारी मी लॅपटॉप बंद केला, त्याचा काळा पडदा फळीकडे तिरका करून ठेवला, आणि पाठ फिरवून झोपेचं सोंग घेतलं. अर्धवट उघड्या डोळ्यांनी पडद्यात बघत राहिले.

खारू आली. आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फळीपाशी गेली. घाई अजिबात नव्हती. डावी मूठ खिशातून बाहेर आली आणि डब्याजवळ हवेतच थांबली. खारू त्या हाताकडे बघत उभी होती, कुणाची तरी वाट बघावी तशी. मग एकेक बोट सुटलं. अंगठा सगळ्यात शेवटी. हात डब्याला टेकला, उजव्याने झाकण काढून फळीवर ठेवलं, बिस्किट तोंडात, झाकण परत डब्यावर दाबून बसवलं. हात पुन्हा खिशात. जाताना तिने माझ्या प्लास्टरवरची अर्धी सोलवटलेली पट्टीही नीट चिकटवली.

मी सोंग तसंच चालू ठेवलं. घटनेच्या जागेवर आपण ओरडायचं नसतं, हे मला धंद्याने शिकवलंय. पण संध्याकाळी खारू न्हाणीघरात असताना मी दादा-वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. दादाने मला मिठी मारली, कुबडीसकट.

"तू नक्की पाहिलंस?"

"मी गोदामं जाळणाऱ्यांना पकडते, दादा. सहा वर्षांच्या पोरीने बिस्किट घेतलेलं मला दिसणार नाही?"

"मग संध्याकाळी का करत नाही ती?"

"ते अजून कळलं नाही. कळेपर्यंत तुम्ही दोघं गप्प राहायचं."

दोघांनी मान हलवली. दादाने जरा जास्तच जोरात हलवली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो दुपारचा वर्ग कुणाच्या तरी गळ्यात मारून घरी आला. मला पत्ताही नाही. मी सोंग घेऊन पडलेले, खारू फळीपाशी, बोटं सुटली, हात डब्याला लागला, झाकण वर आलं. आणि दारातून दादाच्या त्या प्रसिद्ध टाळ्या. "शाब्बास माझं पिल्लू, जमलं की गं तुला." तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाणाऱ्या टाळ्या. पुढच्या खोलीतून वहिनीही पळत आली आणि तिनेही वाजवल्या. तिच्या मागे पाळणाघरातली पोरं, त्यांनीही वाजवल्या, त्यांना काय, ती कशालाही वाजवतात.

डबा खाली पडला. बिस्किटांचा चुरा सगळीकडे झाला. खारूचा डावा हात कोपरात वाकून छातीशी गेला, मूठ आवळली, अंगठा आत. तिने उजव्या हाताने तो धरला आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत टेबलाखाली गेली.

पुढचे काही दिवस ती माझ्या खोलीत फिरकलीच नाही. तपासणी जवळ येत चालली होती. दादा तोंड पाडून वावरत होता आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. पण बोलत नसले तरी डोकं चालू होतं. प्रत्येक पाहणीत मी एकच प्रश्न विचारते, त्याच्या जरा आधी काय झालं होतं? आग लागायच्या आधी, पाणी शिरायच्या आधी. मी पडल्या पडल्या संध्याकाळच्या टोपलीचे सगळे प्रसंग मनाशी उलटे लावून बघितले. मूठ आवळण्याच्या जरा आधी काय होत होतं?

उत्तर तिलाच विचारायचं ठरवलं. त्यासाठी ती आत यायला हवी होती, आणि बोलावून ती येणारी नव्हती. माझ्या पिशवीत एका जुन्या प्रकरणातलं जळकं कुलूप होतं. ते मी पलंगावर घेतलं, पेचकस घेतला आणि दार सताड उघडं ठेवून ते खोलायला बसले. जरा खडखड केली. मग मोठ्याने म्हटलं, "अरेच्चा, हे इथे कसं काय?"

दारात खारूचं अर्धं तोंड दिसलं.

"आत काय आहे?"

"तेच कळत नाहीये. धरायला कुणी नाही, सारखं फिरतंय."

ती आली. पलंगावर चढली. कुलपाच्या आतल्या स्प्रिंगा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. ती नाकाला लागेल इतकं जवळून बघत होती. जरा वेळाने डावी मूठ खिशातून बाहेर आली, सुटली आणि कुलपावर बसली. मी पेच फिरवला.

"ठीक," मी म्हटलं. "अजून एक आहे."

दुसरा पेच निघाल्यावर मी विचारलं, "खारू, त्या दिवशी मूठ का मिटली गं?"

"मी नाही मिटवली."

"मग?"

तिने कुलपावरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू टाळी वाजव. आत्ता नाही. मला सांगू नको, मध्येच वाजव."

मी कुलपाबद्दल काहीबाही बोलत राहिले आणि मध्येच एक टाळी मारली. कुलपावरचा हात चटका बसल्यासारखा उडाला आणि मूठ झाला.

"बघ. मी नाही करत. तो दचकतो. आणि मग उघडतच नाही."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी त्याला माहीत असतं, टाळ्या येणार आहेत. म्हणून तो आधीच मिटतो."

मी त्या मुठीकडे बघत राहिले. दोन माणसं, दोघंही जीव टाकणारी, दोघांचाही धंदा टाळ्या वाजवण्याचा. एक काठावर उभा राहून वाजवतो, दुसरी पोरांनी दूध संपवलं की वाजवते. त्यांच्या घरात या हाताने पहिला मणी उचलला असेल तेव्हा केवढा गजर झाला असेल. दुसऱ्या कुठल्या घरात हे असं झालं नसतं.

"मग सांगितलं का नाहीस बाबांना?"

"त्यांना आवडतं ना वाजवायला."

मी पेचकस खाली ठेवला आणि विचारलं, "आणि माझ्या खोलीत कसा काय उघडतो तो?"

"तुला कशाचंच कौतुक नसतं ना, म्हणून," खारू अगदी सहज म्हणाली आणि कुलपात डोकं घातलं.

खोटं कशाला सांगू, ते लागलं मला. आणि त्याच क्षणी इतका आनंदही झाला की कुलूप बाजूला ठेवून मी पाणी प्यायले.

ताईंना मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आवाजाने असे हात आवळतात, ते मला माहीत आहे. पण तिच्या बाबतीत मी तसा विचारच केला नाही, कारण इथेही आम्ही सगळे टाळ्याच वाजवतो." त्यांच्या आवाजात लाज नव्हती, उत्सुकता होती. मला बाई आवडल्या. "पण मला तो हात उघडा दिसायला हवा," त्या पुढे म्हणाल्या. "अंगठा बाहेर. ऐकीव गोष्टीवर मी प्लास्टर रद्द नाही करू शकत."

मीही केलं नसतं.

दादाला सांगितल्यावर तो कितीतरी वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसला. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाला. मग त्याने टाळ्या सोडायचं ठरवलं, आणि ते बघण्यासारखं होतं. हात खिशात घालायचा, मांडीखाली घ्यायचा, एकदा तर जेवताना खारूने डाव्या हाताने ताट धरलं तेव्हा त्याने घाईघाईने दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या पकडला आणि तो सगळा पिऊन टाकला. वहिनी ओठ मिटून घ्यायची. घरात अशी शांतता पसरली की शेजारच्यांनी येऊन विचारलं, सगळं बरं आहे ना?

हिरवी टोपली माझ्या खोलीत आली. पण आता तो व्यायाम नव्हता, ती पाहणी होती. मी खारूला नेमलं. प्रत्येक वस्तू काहीतरी दावा करते आणि तो खरा की खोटा हे आपण बघायचं.

"हा गोळा म्हणतो की तो दाबला जातो," मी म्हणायचे.

खारू डाव्या हाताने दाबायची. वेळ लागायचा. मी खिडकीबाहेर बघायचे.

"थोडा खरं बोलतो."

"चिमटा?"

"चिमटा लबाड आहे. उघडतो म्हणतो, उघडत नाही."

"मग फेटाळ. उद्या पुन्हा बोलावू."

काही दिवसांनी एका चिमट्याचा दावा मंजूर झाला. मी "ठीक" म्हटलं. माझ्याकडे त्यापलीकडचा शब्द नव्हताच.

शाळेचा अभ्यासही असाच सुटला. तिची अक्षरं कागदभर भटकायची, म्हणून ती लिहायलाच बसत नसे, आणि आम्ही समजत होतो हा आळस. भटकत होता तो कागद. एका हाताने लिहिताना तो सरकायचा. तिला मी माझ्या खोलीत टेबलाशी बसवलं आणि विचारलं की कागद का पळतोय, याची पाहणी कर. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, फुंकर मारून पाहिली, मग डावा तळवा आणून कागदावर ठेवला. अक्षरं ओळीत बसली. ती त्या ओळीकडे बघतच राहिली. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाखाली कुणी गेलं नाही.

तपासणीच्या दिवशी आम्ही सगळे ताईंकडे गेलो. खारूने बिस्किटांचा डबा स्वतः घेतला होता. माझ्या पायाचं प्लास्टर अजून होतं. खोलीत जमिनीवर जाड गाद्या, भिंतीला शिड्या, एका कोपऱ्यात प्लास्टरच्या पट्ट्यांची गुंडाळी आणि ती भिजवायला पाण्याची बादली तयार. खारूची नजर आधी तिथेच गेली. ताईंजवळ शिकायला आलेल्या दोन मुली हातात पेन घेऊन बसल्या होत्या.

"डबा उघडून दाखवशील?" ताई हळू आवाजात म्हणाल्या.

खारूने डबा बुटक्या टेबलावर ठेवला. मूठ खिशातून बाहेर काढली. मूठ तशीच राहिली. खोलीतले सगळे त्या मुठीकडे बघत होते. कुणी टाळी वाजवली नव्हती, पण इतके डोळे एकदम लागले होते की मलाच अवघडल्यासारखं झालं. खारूने हात डब्याला टेकवून पाहिला. अंगठा आतच. हात वर चढून छातीशी गेला. तिने बादलीकडे पाहिलं.

वहिनीने डोळे मिटून घेतले. आणि मग दादाने, कुणाला न विचारता, पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला, हात खिशात खोल घालून. त्याची रुंद पाठ आमच्याकडे. वहिनीने डोळे उघडून ते पाहिलं आणि तीही वळली. मी कुबड्यांवर गिरकी घेतली. ताईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं, मग आपलं चाकांचं स्टूल फिरवलं आणि त्या दोन मुलींनाही खूण केली.

मागून खारूचा आवाज आला. "पण मग तुम्हाला कळणार कसं?"

"तूच सांग," ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

डबा टेबलावर सरकल्याचा आवाज आला. "पावडर आहे का? आत्या लावते तशी."

मी तिला पकडण्याची सगळी युक्ती नंतर सांगून टाकली होती. ताईंनी मागे न बघता हात लांबवून कपाटातला पावडरचा डबा काढला आणि मागे सरकवला. पावडर भुरभुरल्याचा आवाज आला. खारू शिंकली. मग काहीच नाही. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्या खिळ्याकडे मी कधीही कुठल्या पुराव्याकडे पाहिलं नसेल इतकं बारकाईने पाहिलं. दादाच्या खिशातले हात हलत होते.

झाकण निघाल्याचा आवाज आला. कुणीही वळलं नाही. मग बिस्किट चावल्याचा आवाज, सावकाश, पूर्ण बिस्किटभर. मग झाकण परत बसवल्याचा.

"ठीक," खारू म्हणाली. "आता बघा."

टेबलावर, गादीवर, खारूच्या नाकावर पावडर होती. डब्याच्या डाव्या अंगाला चार बोटं उमटली होती आणि त्यांच्यापासून लांब, स्वच्छ, एक अंगठा. ताई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी डबा न हलवता, मान वाकडी करून, सगळ्या बाजूंनी पाहिला. शेवटी अलगद उचलून खालूनही पाहिला. मग त्या शिकणाऱ्या मुलींना म्हणाल्या, "ती बादली रिकामी करून टाका."

वहिनी गादीवर बसली आणि रडायला लागली. दादा मात्र जागचा हलला नाही. त्याचे डोळे भरले होते, हात खिशातच होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आनंदाचं काय करायचं ते सुचत नव्हतं. खारू त्याच्याकडे बघत होती. मग ती त्याच्यापाशी गेली.

"बाबा, एकदा वाजव. एकच. हळू."

"नको गं पिल्लू."

"वाजव. मला बघायचंय तो काय करतो."

दादाने हात बाहेर काढले आणि इतकी हळू टाळी वाजवली की दारापलीकडे ऐकू गेली नसती. खारूने डावा हात समोर धरला होता. तो दचकला. मूठ मिटली, अंगठा आत गेला. आम्ही सगळे बघत होतो आणि ती आमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बघत होती.

मग, तिच्या वेळेने, ती मूठ उघडली.